बाई, आकडे वाचा ना!

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. शाळेतल्या खेळाच्या बाईंच्या गळ्यात माझी अर्धी हयात गेली. शेजारी शिट्टी लोंबायची. ती ओरडायची, मी मोजायचे.

नववीत एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत. चारशे मीटर ती अशी धावायची की बाई माझ्याकडे दोनदा पाहत. "बघा गं, घड्याळसुद्धा दमलं!" असे म्हणून त्या मला सगळ्यांपुढे मिरवत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग तिचे आकडे वाढू लागले, म्हणजे ती मंदावली. आधी एक सेकंद, मग तीन, मग सात.

कारण मला ठाऊक होते. साहित्याच्या खोलीत मी खुंटीवर असे आणि मुली तिथेच बूट बांधत. दहावीतली तिची मैत्रीण पेनासारखी वाफेची नळी, म्हणजे ई-सिगारेट, काढून म्हणाली, "घे गं, डोकं शांत होतं. सगळेच ओढतात."

भिंगरीने नाही म्हटले. पण घरी आईबाबांची रोजची भांडणे, झोपेचे खोबरे. त्यातच चाचणीत गुण कमी पडले, बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच हात पुढे केला. पुढे मावसभावाने तिला स्वतंत्र नळीच आणून दिली.

बाईंना वाटले, आळस! त्यांनी फेऱ्या वाढवल्या. भिंगरी गुडघ्यांवर हात टेकून खोकत राही आणि मी चडफडत राही. अहो बाई, आकडे वाचा ना! मला तोंड असते तर शिट्टीपेक्षा मोठ्याने ओरडले असते.

निवड चाचणीच्या दिवशी ती अर्ध्या वाटेत छाती धरून खाली बसली. बाई धावल्या. मला थांबवायचे राहूनच गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिने रडत सगळे सांगितले.

"शाळेतून नाव काढून टाका, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, काढलं तर ती जाईल कुठे? ज्यांनी दिलं, त्यांच्याकडेच ना!" बाईंचा आवाज चढला. "रोज आकडे माझ्या हातात होते आणि मी तिला नुसतं पळवलं."

सरांनी नाइलाजाने मान डोलावली. बाईंनी भिंगरीला खोलीत बोलावले.

"ओरडणार?" तिने विचारले.

"नाही गं. झोप लागते का तुला?"

एवढेच विचारायला सात महिने लागले!

आईबाबांना बोलावले, समुपदेशकांकडे जाणे सुरू झाले. मध्ये दोनदा तिने पुन्हा नळी ओढली, दोन्ही वेळा स्वतःच येऊन सांगितले. आता ती हळू धावते, पण खोकत नाही. फाटकाबाहेरच्या दुकानात मात्र त्या नळ्या अजून राजरोस मिळतात. माझा जळफळाट होतो.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी मागे पडू लागले, तर "काय झालं?" असे विचारा. लगेच उत्तर येणार नाही. शेजारी बसून राहा. आणि तो वेळ मात्र मोजू नका.