उजव्या हाताची खिडकी

“खाले नका देखू. एकडाव तरी वर देखा,” दशम्यांवर तुपाचं बोट फिरवत दगूबाई म्हणाली.

दोधूने चहाची बशी खाली ठेवली. “चाके देखाना पगार भेटस माले. तोंडे देखाना नही.”

“एकतीस वरीस चाकेच देखात. आते दहा दिन ऱ्हायनात. मंग काय, घर बठीसन बैलगाडीनी चाके देखशात?”

दोधू रेल्वेच्या फाटकावर गेटमन होता. नंदुरबार स्टेशनाजवळच्या क्वार्टरपासून चार किलोमीटर सायकलीवर, सुरतेच्या दिशेला. गाडी येणार असली की स्टेशनातून फोन यायचा. तो फाटक लावायचा, लावल्याची खूण म्हणून कागदावरचा पुढचा नंबर स्टेशन मास्तरला सांगायचा आणि खोलीबाहेर झेंडे घेऊन उभा राहायचा. मग गाडी जाईपर्यंत चाकांकडे बघायचं. कुठे काही लोंबत नाही ना, ठिणगी नाही ना, ब्रेक चाकाला चिकटून धूर येत नाही ना. काही दिसलं तर लाल, नाही तर हिरवा.

आता फाटकाशेजारी भुयारी रस्ता तयार झाला होता. एकतीस जानेवारीला फाटक कायमचं बंद होणार होतं आणि दोधूही त्याच दिवशी रिटायर होणार होता.

दगूबाईचं माहेर खांडबाऱ्याकडचं. जाताना भाऊ मोटारसायकलवर घेऊन जायचा. परत ती एकटी पॅसेंजरने यायची. फाटक आलं की खिडकीतून हात हलवायची. दर वेळी दोधू उभा असायचा, झेंडा सरळ, मान खाली.

“डबामाधल्या बाया हासतस माले,” ती म्हणाली. “म्हनतस, दगूबाई, तो तुन्हा नवरा शे का सिग्नलना खांब?”

“मंग तू काय सांगस?”

“मी सांगस, खांब बरा. तो निदान लाल-हिरवा ते व्हस.”

दोधू हसला नाही, पण बशी उचलून त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. ती त्याची हसण्याची रीत होती.

पार्कगाडी उद्यापासून सुरू होत होती. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कोणाच्या तोंडात बसलं नव्हतं. शनिवारी सकाळी नंदुरबारहून निघून ती सुरतेच्या पुढे, त्या मोठ्या पाण्याच्या आणि पाळण्यांच्या पार्कला जाणार आणि रविवारी संध्याकाळी परत येणार. म्हसावदला दिलेल्या लेकीने, रंजिताने, चार तिकिटं काढली होती: आपलं, आठ वर्षांच्या काजलचं, आईचं आणि बापाचं.

बापाला जाता येणार नव्हतं. रात्रपाळीचा त्याचा जोडीदार दाऊद. दाऊदच्या लेकीचा, महजबीनचा, निकाह त्याच शनिवारी होता आणि दोघांत मिळून बदली माणूस एकच मिळणार होता. दाऊदने तो आपल्यासाठी मागितला तेव्हा पार्कगाडीची तारीख कोणाला माहीत नव्हती. दोधूने हो म्हटलं होतं. नंतर कळल्यावर दाऊद घरी आला होता. “दोधूभाई, तुम जाओ. मैं निकाह पढवाके सीधा गेट पे आता हूँ.”

“येडा व्हयना का तू?” दोधू म्हणाला होता. “आंडेर एकडावच सासरे जास. पार्क काय पळी जाई ऱ्हायना?”

पार्क पळून जाणार नव्हता. पण दगूबाई गाडीत आणि दोधू फाटकावर, असं आता फार तर दोनदा होणार होतं: एकदा जाताना, एकदा येताना.

“बरं,” दोधू म्हणाला. “देखसू वर. पन तू उजवा हातनी खिडकी धर. डावीकडे बठशी ते वावरेच दिसतीन.”

“उजवा हात ना? पक्कं?”

“एकतीस वरीस व्हयनात माले तठे उभा ऱ्हाईसन,” दोधू म्हणाला.

*

शनिवारी नऊला हेमकांतचा ट्रॅक्टर फाटकावर अडकला. ट्रॉली ओल्या लाल मिरच्यांनी काठोकाठ भरली होती, पथारीवर वाळत घालायला निघाली होती.

“काय आप्पा,” हेमकांत स्टिअरिंगवर हात टाकून म्हणाला, “आज झेंडाले इस्तरी करी का?”

“कसाले? रोजनाच शे.”

“आज तुमनी सासू ते नही ना गाडीमा?”

“सासूनी आंडेर शे,” दोधू म्हणाला. हेमकांत ट्रॅक्टर बंद करून हसत खाली उतरला.

दोधूच्या डोक्यात हिशोब पक्का होता. सोळा डबे. एका डब्याला त्याच्या बाजूने चार चाकं, म्हणजे चौसष्ट. गाडी इथून ताशी नव्वदने जाते. एक डबा समोरून जायला एक सेकंद लागतो, त्याहून जरा कमीच. त्या एका सेकंदात चाकं तरी बघता येतात, नाही तर खिडक्या. दोन्ही बघायचा प्रयत्न त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षी केला होता. काहीच दिसत नाही. नुसता एक पट्टा सरकतो.

इंजिन फुलांच्या माळा लेवून आलं. दोधूने हिरवा झेंडा धरला आणि मान वर केली.

खिडक्यांना तोंडं होती. हे त्याला माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. एक पोर काचेला नाक चपटं करून. एक म्हातारा, गॉगल घातलेला. मोबाइल, तळहात, पिवळा फुगा. कोणीतरी त्यालाच हात केला, ओळख ना पाळख. सहा, सात, आठ. एक बाई, पदर डोक्यावर, दगूबाई नव्हे. अकरा. बारा. तो प्रत्येक खिडकीच्या आत दुसरी खिडकी असल्यासारखा बघत राहिला. सोळा. गार्डने हिरवा झेंडा दाखवला, याने दाखवलेलाच होता.

गाडी गेली. दगूबाई दिसली नव्हती.

तेवढ्यात त्याला वास आला.

“मिरचीना शे, आप्पा,” हेमकांत नाकाला रुमाल लावत म्हणाला. “माले बी ठसका लागी ऱ्हायना.”

दोधूने नाक वर केलं. मिरचीचा वास घशात लागतो. हा कपाळात लागत होता. तापलेल्या लोखंडाचा. ब्रेक चाकाला धरून राहिला की येतो तो. पण धूर कुठल्या डब्याखाली होता, ठिणग्या होत्या की नव्हत्या, त्याला सांगता येत नव्हतं. चौसष्टपैकी एकही चाक त्याने पाहिलं नव्हतं.

गाडी वळणाआड गेली. वास विरत चालला. हेमकांत म्हणत होता तशी ती मिरचीच असू शकली असती. फोन केला तर पहिला प्रश्न काय येणार हे दोधूला माहीत होतं, आणि एकतीस वर्षांत त्याला त्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही असं झालं नव्हतं.

त्याने फोन उचलला.

“साहेब, पार्कगाडीचा ब्रेक धरलाय. वास आला.”

“कोणता डबा, काका?” स्टेशन मास्तर योगेंद्र तरुण होता, कागद पुढ्यात ओढल्याचा आवाज फोनवर आला.

“डबा नाही पाहिला.”

“म्हणजे?”

“चाकं नाही पाहिली, साहेब. मी वर बघत होतो.”



“तुम्ही?” योगेंद्र म्हणाला. मग, “बरं. पुढच्या स्टेशनात थांबवायला सांगतो. सगळीच तपासतील.”

दोधूने फाटक उघडलं. हेमकांतने ट्रॅक्टर सुरू केला आणि तो रुळांपलीकडे गेला.

वीस मिनिटांनी मोबाइल वाजला. दगूबाई होती. मागे खूप लोक बोलत होते.

“गाडी उभी करी दिधी शे आठे. मानसे खाले वाकी वाकी चाके देखी ऱ्हायनात. तुम्हीच थांबाडी का?”

“सापडनं का काही?”

“हा ना. आमना मांगला डबानं एक चाक. रंजिता देखी उनी, म्हने निस्ता धूर निंघी ऱ्हायंता. आते सोडाडं त्यासनी.” तिने आवाज हळू केला. “लोके गेटवालाले शिव्या दी ऱ्हायनात. पहिलाच दिन उशीर कया म्हने.”

“तू काय सांगं त्यासले?”

“मी काय सांगसू? मी दशमी खाई ऱ्हायनू. काजल मातर उठीसन बोलनी, तो मन्हा आजला शे. मंग गप बठनात.” ती थांबली. “तुमनी जागा रिकामी शे. तिच्यावर डबानी पिशवी बठाडी दिधी.”

“बरं कयं.”

“देखं का मंग माले?”

“नही,” दोधू म्हणाला. “सोळा डबा देखात. तू नव्हती.”

“नव्हती कशी? उजवा हातनी खिडकी धरी बठेल शे मी कव्हयनी. तुम्ही सांगं तशी. माले निस्ती तूर दिसनी. तुमना फाटकना खांबसुद्धा नही दिसना.”

दोधू खोलीच्या दारात उभा होता. समोर रूळ होते, डावीकडे सुरत, उजवीकडे नंदुरबार. सुरतेकडे जाणाऱ्या माणसाला ही खोली डाव्या हाताला लागते. यात अवघड काही नव्हतं. पहिलीतल्या पोरालाही हात धरून शिकवता आलं असतं. उजवीकडे ती लागते ती सुरतेकडून परत येणाऱ्याला.

त्याने दगूबाईला उजवी खिडकी सांगितली तेव्हा डोळ्यांसमोर गाडी आणली होती, हे त्याला आठवलं. त्या गाडीत ती घरी येत होती. तिला जाताना त्याने इथून कधी पाहिलंच नव्हतं.

“मन्ही चूक,” तो म्हणाला. “डावीकडे सांगाले पाहिजे व्हतं.”

“जाऊ द्या,” दगूबाई म्हणाली. “येवाना टाइमले उजवीकडेच बठसू. ते ते बरोबर शे ना?”

“ते बरोबर शे.”

“मंग देखज्यात. आखरी शे आते. आनि रातले काचना आतून माले बाहेरनं काही दिसाव नही, तव्हय दिवा जरासा वर धरा.” गाडीने शिटी दिली. “चालनी, चालनी,” ती कोणाला तरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

*

रविवारी सातच्या आधीच अंधार पडला. पथारीवरून मिरचीचा वास येत होता. दोधूने हिरव्या दिव्याची काच पुसली, लाल दिव्याची पुसली, परत हिरव्याची पुसली. दुपारी काजलने फोनवर सांगितलं होतं की आजी एका मोठ्या पाळण्यात बसली आणि वर गेल्यावर तिने विचारलं, इथून आपलं फाटक दिसतं का.

सात वाजून दोन मिनिटांनी स्टेशनचा फोन आला. दोधूने फाटक लावून नंबर सांगितला.

“काका,” योगेंद्र म्हणाला, “तो ब्रेक कालच दुरुस्त केलाय. निघताना गाडी परत तपासलीय.” तो जरा घुटमळला. “माझी आई पण त्याच गाडीत आहे, आज फोन करून विचारत होती, गाडी कोणी थांबवली म्हणून. मी सांगितलं. तुमची माणसं आहेत ना गाडीत?”

“हो साहेब.”

“मग आज बघा वर. मी काही विचारणार नाही.”

“बरं साहेब,” दोधू म्हणाला.

तो बाहेर येऊन आपल्या जागी उभा राहिला. परतीची गाडी पलीकडच्या रुळावरून जाते. मधला रूळ रिकामा होता. डावीकडे वळणावर उजेड दिसला, मग रूळ वाजायला लागले. त्याने दिवा धरला. ती म्हणाली होती तसा, नेहमीपेक्षा वीतभर वर. हात खांद्याच्या वर गेला तसा जुना सांधा दुखला.

इंजिन आलं. दोधूची मान वर होती.

पहिला डबा येईपर्यंत ती वर होती. मग डब्याखालचा काळोख त्याच्यासमोर आला, त्या काळोखात फिरणारं लोखंड, आणि त्याच्याच वर कुठेतरी, उजव्या हाताच्या खिडकीशी, दगूबाई बसली होती. दोधूने मान खाली केली.

चार. आठ. बारा. ठिणगी नाही. सोळा, वीस. वास नाही. वर खिडक्या होत्या, त्यांचा उजेड मधल्या रिकाम्या रुळांवर पडत होता. पिवळे चौकोन एकामागून एक खडीवरून धावत होते. छत्तीस. चाळीस. एका चौकोनात काहीतरी हललं. सावली होती, रुंद, बोटं पसरल्यासारखी, इकडून तिकडे, इकडून तिकडे. आणि चौकोन निघून गेला. चव्वेचाळीस. दोधूने डोळे हलवले नाहीत. दिवा मात्र आणखी वर गेला, हात जाईल तेवढा.

चौसष्ट. गार्डचा हिरवा दिवा हलला, लहान झाला.

दोधू आत गेला. “साहेब, गाडी पास. सगळी चाकं बरोबर.”

“वर नाही पाहिलं?”

“गाडी बरोबर आहे, साहेब,” दोधू म्हणाला आणि फोन ठेवला.

फाटकाच्या पलीकडे एक मोटारसायकल थांबली होती. तिने दोनदा हॉर्न दिला. दोधूने फाटक उघडलं, आणि ती गेल्यावरही तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मधल्या रुळाजवळ, जिथून ते चौकोन गेले होते. तिथे आता नुसती खडी होती. उजवा हात पुन्हा वर गेला होता. दिवा चालू होता.