रक्तवालीची सायकल

"ही सायकल नाय ताई, रुखवत हाय," हबीबचाचा म्हणाले. "हॉलमध्ये ठेवा. पाहुणे आले की दाखवा."

 दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवून आपला माल गळ्यात मारणारे दुकानदार संजना पगारेने पुष्कळ पाहिले होते. पण या माणसाकडे विकायला मालच नव्हता. जेल रोडच्या एका वळणावर पत्र्याचं छप्पर, हवेचा पंप, पंक्चर शोधायला पाण्याची घमेली, आणि पासष्टीचा हा मिस्त्री. त्याला सायकली आवडत आणि सायकलवाल्यांचा तिटकारा होता.

सायकल तिने शेजारच्या मुलाकडून घेतली होती. तो पुण्याला शिकायला गेला आणि सायकल जिन्याखाली पडून राहिली. ट्रॅक्टरला शोभतील असे जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, दांडीवर वीज कोसळल्याचं चित्र.

"पायडल मारलं की निम्मा जोर या स्प्रिंगा खातात," चाचा म्हणाले. "मडगार्ड नाय, कॅरिअर नाय. रोज किती चालवणार?"

"वीस-बावीस किलोमीटर."

चाचांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "किती दिवस?"

"म्हणजे?"

"लोक आठ दिवस चालवतात. नवव्या दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत घालतात."

"माझ्याकडे टॉवेलसाठी दोरी आहे," संजना म्हणाली. "मी घरोघरी जाऊन रक्त घेते, लॅबसाठी. सकाळी साडेपाचला निघायचं, साडेनऊच्या आत सगळ्या नळ्या द्वारका चौकातल्या लॅबमध्ये पोचवायच्या. तुम्हाला जमत नसेल तर सांगा."

चाचांनी पाना उचलला. बहुधा त्यांना तिचा आवाज आवडला असावा. तिरस्काराने बोलणारं माणूस त्यांना प्रामाणिक वाटे.

तिच्याकडे स्कूटर होती. दीड वर्षापूर्वी नवरा सुनील भावाला कांद्याच्या धंद्यात मदत करतो म्हणून त्या स्कूटरवर बसून चांदवडला गेला आणि तिथलाच झाला. सुनील गेल्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. घरात असतानाही तो बहुतेक वेळ नसल्यासारखाच असे. स्कूटर मात्र तिच्या पगारातली होती. फोन करून मागितली तेव्हा तो म्हणाला, "तुला कशाला लागते? रिक्षा आहेत की." त्यानंतर तिने त्याला फोन केला नाही.

चाचांनी तीन दिवस घेतले. मागचा शॉकअप उपटून तिथे लोखंडी पट्टी ठोकली. टायर बारीक घातले. मागच्या चाकाला मोठं फ्रीव्हील बसवलं, म्हणजे चढावर मांड्या भरून येणार नाहीत. मडगार्ड, साडी किंवा ओढणी अडकू नये म्हणून चेनकव्हर, पुढे दिवा. मग तिला सायकलवर बसवून स्वतः बाजूला उकिडवे बसले आणि तिचा पाय पायडलवर खाली आला की गुडघा किती वाकतो ते बघत राहिले. सीट बोटभर वर, पुन्हा अर्धं बोट खाली. हँडल वर घेतलं.

"वाकून चालवणारे रविवारचे," ते म्हणाले. "रोजचं माणूस ताठ बसतं."

सायकल पळू लागली, पण चौथ्याच दिवशी लॅबमधून बोलणी बसली. तीन नमुने वाया गेले होते. रक्त नळीत गोठलं, नळी यंत्रात फिरवली की वर पिवळसर पाणी यायला हवं. वाटेत फार हादरे बसले तर रक्तातल्या पेशी फुटतात, ते पाणी लाल होतं आणि तपासण्या खोट्या येतात. त्या तिघांकडे जाऊन संजनाला पुन्हा सुई टोचावी लागली. एका बाईने तर दारातच विचारलं, "पहिलं रक्त तुम्ही विकता की काय?"

ती तडक चाचांकडे गेली. "कॅरिअरवर बॉक्स नाचतो तुमच्या."

"बॉक्स तुमचा, कॅरिअर माझा," चाचा म्हणाले. पण हातातली सायकल अर्ध्यावर टाकून ते कामाला लागले.

त्यांनी कॅरिअरवर सळ्यांची चौकट उभी केली. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि बॉक्स त्यांवर असा लटकवला की तो कुठेच लोखंडाला टेकू नये. मग एका बाटलीत साबणाचं पाणी भरून बॉक्समध्ये ठेवलं. "मुक्तिधामाच्या देवळापर्यंत जाऊन या. फेस आला तर रक्त फुटलं समजायचं."

पहिल्या फेरीत बाटली फेसाने भरून आली. चाचांनी पट्ट्या सैल केल्या. दुसऱ्यांदा फेस बोटभर. पट्ट्या रुंद कापल्या, खालून दोन आडव्या ओढल्या. पाचव्या फेरीला संजना परत आली तेव्हा पाणी तळ्यासारखं होतं.

चाचांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "आता खराब झालं तर दोष तुमच्या हाताचा."

त्यानंतर वर्षभरात तिचा एकही नमुना वाया गेला नाही.

सोसायट्यांचे वॉचमन तिला रक्तवाली म्हणत. अशोका मार्गावरच्या एका इमारतीत तिला सामानाच्या लिफ्टने जायला सांगत. त्याच इमारतीतली माणसं सातव्या मजल्यावर तिच्यासमोर बाही वर करून डोळे मिटून, तोंड फिरवून बसत. "दुखणार नाही ना हो?" तिला त्यांची कीव येत नसे. साठ लाखांच्या घरात राहणारी माणसं एवढ्याशा सुईला भितात याचं तिला हसू येई आणि ते ती लपवत नसे. सुई मात्र ती अशी घाली की पुष्कळांना कळतही नसे.

लॅबचं कामकाज बघणारा रोहित, वय एकोणतीस, रविवारी मित्रांबरोबर त्र्यंबकला सायकलने जाऊन येई आणि सोमवारी ऑफिसात पाय ताणत लंगडे. एका सोमवारी त्याला संजनाची सायकल दिसली. त्याने चारही बाजूंनी फोटो काढले.

"ताई, ब्रिलियंट! आपण सगळ्या कलेक्शन स्टाफला सायकली देणार. ग्रीन लॅब. कुणी केली ही?"

तिने पत्ता दिला. संध्याकाळी रोहित गाडीने जेल रोडला गेला. संजना ब्रेकच्या रबरासाठी तिथेच आली होती.

"चाचा, अशा आठ करायच्या. किती दिवस लागतील?" रोहितने खिडकीची काच खाली करून विचारलं.

"माणसं आणा," चाचा म्हणाले.

"कोणती माणसं?"

"चालवणारी. त्यांचे पाय बघतो, मग सायकल बघतो."

रोहित हसला. "तेवढा वेळ नाहीये हो. सगळ्या एकसारख्या करा. स्टँडर्ड."

"मग पायपण एकसारखे करून आणा."

काच वर गेली. दुसऱ्या कुणाकडून तरी आठ हिरव्या सायकली आल्या. फुगे लागले, फोटो निघाले. प्रत्येक सायकलच्या दांडीवर 'हिरवा प्रवास, निरोगी शहर' असं लिहिलं होतं आणि बॉक्स कॅरिअरवर चार नटबोल्टांनी आवळून बसवला होता.

संजनाने ते बोल्ट पहिल्याच दिवशी पाहिले. काय होणार ते तिला कळलं. तिने स्वतःची सायकल बदलायला नकार दिला आणि गप्प राहिली. तिला त्या फुग्यांचा, त्या वाक्याचा, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांचा इतका राग आला होता की बोलणंही तिला त्यांच्यावर उपकार केल्यासारखं वाटलं. भोगू देत, असं ती मनात म्हणाली.

भोगलं मेहविशने. मेहविश बावीस वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी लागलेली, बुटकी मुलगी. तिचे पाय पायडलपर्यंत जेमतेम पोचत. ती बोलताना सॉरीने सुरुवात करी, म्हणून संजनाला ती बिलकूल आवडत नव्हती. पंधरा दिवसांत तिचे नऊ नमुने लाल आले. इतरांचेही येत होते, पण तिच्या नऊमध्ये लॅबला रोज पेशंट पाठवणाऱ्या एका डॉक्टरांची आई होती. तो नमुना घाईत तसाच तपासला गेला आणि म्हातारीचं पोटॅशियम भलतंच वाढलेलं आलं. घरच्यांनी तिला घाबरून रात्रभर दवाखान्यात ठेवलं. नव्याने रक्त तपासलं तर सगळं ठीक.

"सायकली उत्तम आहेत," रोहित सगळ्यांसमोर म्हणाला. "प्रश्न हँडलिंगचा आहे. मेहविश, तू शुक्रवारपर्यंतच ये. मग बघू."

मेहविश रडली. "सॉरी सर, मी हळूच चालवते. मुद्दाम मोठा रस्ता सोडून आतून येते. मला कळत नाही कसं होतं."

संजनाला कळत होतं. पंधरा दिवस कळत होतं. मेहविशच्या त्या "कळत नाही"ची तिला एकदम लाज वाटली, आणि ती लाज मेहविशची नव्हती.

ती खुर्ची ओढून टेबलापाशी बसली आणि तिने बाही वर केली.

"माझं रक्त घे," ती मेहविशला म्हणाली. "एकाच शिरेतून. दोन नळ्या."

"हे काय चाललंय?" रोहित म्हणाला.

"तुम्ही बसा."

मेहविशला शीर पहिल्या झटक्यात सापडली. संजनाने तेवढं टिपून ठेवलं. अर्ध्या तासाने, रक्त गोठल्यावर, एक नळी तिने आपल्या बॉक्समध्ये ठेवली, एक मेहविशच्या. दोघी एकामागे एक उपनगर नाक्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. संजना मुद्दाम खड्डे न चुकवता गेली. मेहविश प्रत्येक खड्डा चुकवत होती.

नळ्या यंत्रात दहा मिनिटं फिरल्या.  मग संजनाने त्या काढून रोहितच्या लॅपटॉपसमोर स्टँडमध्ये उभ्या केल्या. एकीत लिंबू सरबतासारखं स्वच्छ पिवळं पाणी. दुसरीत डाळिंबाचा रस.

"एकच बाई, एकच शीर, एकच सुई," ती म्हणाली. "आता हँडलिंग कुणाचं ते सांगा."

रोहितने दोन्ही नळ्या उचलून पाहिल्या. तो मूर्ख नव्हता, म्हणूनच तिला त्याचा अधिक तिटकारा आला. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

त्याने विचारलेला हा एकच प्रश्न बरोबर होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. रोहितला नाही, मेहविशकडे बघून.

मेहविश राहिली. आठवड्याभरात आठही बॉक्सना रबरी पट्ट्या लागल्या. हबीबचाचांकडून नव्हे, हिरव्या सायकली देणाऱ्याकडूनच. मेहविश मात्र एका दुपारी स्वतः जेल रोडला गेली आणि सीट आपल्या मापाची करून आली. "एवढीशी पोरगी आणि उंटाएवढी सायकल दिली," चाचा तिला म्हणाले म्हणे, "देणाऱ्याला डोळे नव्हते काय?" हे सांगताना मेहविश हसत होती. त्या दिवशी तिने एकदाही सॉरी म्हटलं नाही.

महिनाअखेर संजनाचा करार संपत होता. दरवर्षी तो आपोआप वाढे. या वर्षी मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.' खाली हात जोडल्याचं चित्र. तिने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चित्राचंच तिला जास्त हसू आलं.

एक तारखेला ती सवयीने पाचलाच उठली. कुठे जायचं नव्हतं. चहा ठेवला तोच फोन वाजला. गांधीनगरच्या वत्सलाबाई होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या. दर महिन्याच्या एक तारखेला त्यांची साखर तपासायची असे.

"अगं, कुठपर्यंत आलीस? रात्रीपासून उपाशी आहे मी."

"आजी, मी नाही येणार आता. दुसरी मुलगी येईल सातला, मेहविश."



"आजारी आहेस का?"

"नाही. काम सुटलं."

"तिला शीर सापडेल का माझी? मागे तू सुट्टीवर होतीस तेव्हा त्या पोराने चार ठिकाणी टोचलं होतं. हात काळानिळा झाला होता."

"सापडेल. हात चांगला आहे तिचा." संजनाने गॅस बारीक केला. "फक्त उजवा हात पुढे करू नका. डावा द्या. कोपरापासून दोन बोटं खाली, आतल्या अंगाला. वरून दिसत नाही, दाबलं की बोटाला लागते. तिला म्हणावं घाई करू नकोस."

"थांब, लिहून घेते," वत्सलाबाई म्हणाल्या. पेन शोधण्याचा आवाज आला. "हं. सांग पुन्हा."

संजनाने स्टुलावर बसून, एकेक शब्द सुटा करत, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.