डाग सगुणाच्या हातचा नव्हता

मी सिंक बोलतोय. रत्नागिरीतल्या चिंतामणी मास्तरांच्या स्वयंपाकघरातला, पांढऱ्या चिनी मातीचा. पांढऱ्या म्हणायचं आपलं सवयीने. दहा वर्षं दुसऱ्यांचं खरकटं पोटात घेतलं की बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट मास्तरांखेरीज फक्त मला ठाऊक होती, आणि ती वेळेवर सांगता आली नाही, याची टोचणी जात नाही.

गुजरातेतल्या एका भट्टीत भाजून मी निघालो आणि गवतात गुंडाळून ट्रकने इथवर आलो. १९९८ साल होतं. त्याआधी या घरात खाली बसून भांडी घासायची मोरी होती. सुमेधावहिनींचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मास्तरांनी मोरी फोडून मला खिडकीखाली ओट्याला लागून बसवलं. पहिले चार दिवस शेजारच्या बायका मला बघायला आल्या. तेवढंच काय ते माझं कौतुक.

भांडी घासायला वरच्या वाडीतून सगुणा यायची. नारळाच्या शेंडीने भांडी लख्ख करायची आणि शेवटी मला पुसून कोरडा करून जायची. मला पुसणारी ती एकटीच. बाकीची माणसं हात धुतात आणि नळ अर्धवट बंद करून निघून जातात.

दुसऱ्या वर्षी शिमग्याला सगुणा गावी गेली आणि वहिनी माहेरी, मालगुंडला. घरात एकटे मास्तर. त्यांना फणसाच्या भाजीची हुक्की आली. शाळेत विज्ञान शिकवणारा हा माणूस, हाताला आणि विळीला तेल न लावता कोवळा फणस चिरायला बसला! इथलं शेंबडं पोरही असं करणार नाही. चीक हाताला, विळीला आणि धुवायला आले तेव्हा माझ्या अंगभर. साबणाने निघेना. मग मास्तरांनी करवतीचं पातं आणून मला खरवडलं, वर संडासासाठी आणलेलं ॲसिड ओतलं आणि पेपर वाचायला गेले. मी जळत होतो. चीक निघाला, पण तळाला तळहाताएवढी माझी झिलईही गेली. मास्तरांनी तिथे बोट फिरवून बघितलं, दाराकडे बघितलं आणि पुढे कोणाला काही बोलले नाहीत.

इथल्या विहिरीचं पाणी जांभ्या दगडातून झिरपतं, तांबूस असतं. ते त्या उघड्या जागेत मुरत राहिलं. काही वर्षांत तिथे काळपट तांबडा डाग बसला. सगुणा घासून घासून थकली.

२००७च्या गणपतीत मुंबईहून वहिनींच्या जाऊबाई आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. वहिनींना ते फार लागलं. पाहुणे गेल्यावर सगळा राग सगुणावर निघाला.

"सगुणे, किती वेळा सांगत्ये मी, नीट घास म्हणून! चार माणसांत मान खाली गेली माझी."

"वैनी, रोज घासतंय मी. ह्यो डाग माज्या हातचा न्हाय."

"मग काय माझ्या हातचा?"

मास्तर पलीकडे झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबला. मला वाटलं, आता उठतील, बोलतील. पण तो पुन्हा कुरकुरायला लागला.

सगुणाचं काम सुटलं. तेवढ्यावर थांबलं नाही. वहिनींनी आळीतल्या पाच घरी जाऊन 'कामचुकार आहे हो' असं सांगितलं. त्यातल्या दोन घरी ती भांडी घासायची, तिथूनही तिला काढलं. मला त्या दिवसांत स्वतःची शिसारी आली.

दुसरी बाई मिळेना. शेवटी वहिनीच पदर खोचून माझ्यामागे लागल्या. सोड्याचा लेप लावून वर ओलं फडकं पसरायच्या, मग आमसुलाचं पाणी, मग लिंबाची सालं. आठ दिवस हेच. आठव्या दुपारी तांबडेपणा निघाला आणि खालून सरळ रेघा दिसायला लागल्या, एकीला एक लागून. वहिनींनी त्यांवरून बोट फिरवलं.

"अहो, इकडे या जरा. हे कोणी खरवडलंय? सगुणाकडे करवत कुठली?"

मास्तर आले.

"फणसाचा चीक लागला होता," ते म्हणाले. "मीच खरवडलं. विज्ञानाचा मास्तर ना मी. म्हटलं, लोक हसतील."

वहिनींनी हात पुसले आणि तशाच वाडीकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली. माझ्या तळावरून तिने हात फिरवला. तळ खरखरीत होता, पण पांढरा होता.

"निघाला बघ. चूक आमची होती गो," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून ये."

"हितं घासलात, बरा केलात वैनी. पन पाच घरात मी कामचोर झालंय, ता कोन घासनार? आदी ता करा. मंग येतंय." आणि ती गेली.

वहिनी उठणार होत्या, पण मास्तर म्हणाले, "तू थांब. मी जातो." त्यांनी चपला घातल्या. खिडकीतून शेजारच्या फाटकाची कडी ऐकू आली.

"आहात का घरात? जरा सांगायचं होतं." आतून कोणीतरी 'या ना' म्हणालं. मग मास्तरांचा चिरका आवाज, "सगुणाचं हो. आमच्या सिंकचं ते मी केलं होतं."

मला चमकायची हौस आता उरलेली नाही. उद्या मला काढून स्टीलचा बसवलात तरी तक्रार करणार नाही, खरंच दमलोय. फक्त एवढंच मागणं आहे मास्तर, घरं पाच आहेत. एकही चुकवू नका.