इंजिन बंद असताना

प्रीतीनं इंजिन बंद केलं, पण चावी पूर्ण मागं नेली नाही, एका खटक्यावर अडवून ठेवली. डॅशबोर्डखालच्या सॉकेटात खोचलेल्या लहानशा इन्व्हर्टरचा हिरवा दिवा जळत राहिला आणि तिच्या मांडीवरचा लॅपटॉप चालू राहिला. त्याची स्वतःची बॅटरी दिवाळीतच संपली होती. चार्जर निघाला की पडदा काळा.

सोनारीत सकाळपासून वीज नव्हती. शाळेच्या खोलीत मांडलेलं श्रवणयंत्रांचं शिबिर तिनं शेवटी गाडीत आणलं आणि काळभैरवाच्या देवळामागं लिंबाच्या सावलीत गाडी लावली. चौदा जणांच्या कानामागची यंत्रं इंजिन चालू ठेवूनच जुळवली. पंधराव्या होत्या धुरपदाबाई. त्यांना इंजिनाची घरघरच इतकी मोठी ऐकू यायला लागली की त्यांनी यंत्र उपसून हातात घेतलं. इंजिन बंद केल्याशिवाय त्यांचं यंत्र नीट जुळणार नव्हतं.

भूमच्या मल्लिनाथ इलेक्ट्रिशियननं हा इन्व्हर्टर बसवून देताना तिला तीन गोष्टी बजावल्या होत्या. लॅपटॉपशिवाय दुसरं काही त्यावर लावायचं नाही. गाडी सुरू करताना लॅपटॉपची पिन आधी काढायची. आणि गाडीची बॅटरी जुनी आहे, तेव्हा इंजिन बंद ठेवून वीस मिनिटांच्या वर जायचं नाही. इन्व्हर्टर वाजायला लागला की थांबायचं, नाहीतर गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतील. ढकलायला माणसं, हे ऐकून प्रीती नुसती हसली होती. पाच तालुके ती एकटीच फिरायची. दिवसभर बहिऱ्या माणसांशी मोठ्यानं बोलायची, आणि धाराशिवच्या खोलीवर पोचल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत तिला तोंड उघडायची गरज पडत नसे.

तिनं यंत्र पुन्हा धुरपदाबाईंच्या कानामागं बसवलं. त्या तिच्या शेजारच्या सीटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मागच्या सीटवर त्यांचे मालक आण्णासाहेब, टोपी गुडघ्यावर ठेवून. पोरगा दिग्विजय पुण्यात असतो, घरी दोघंच, एवढं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं.

आता ओळखीचा आवाज लागतो, असं प्रीतीनं समजावलं. आण्णासाहेबांनी घरी बोलतात तसं, हळू बोलायचं. आजींना नीट कळतंय का ते पाहून ती इथून आवाज कमी-जास्त करील.

आण्णासाहेब खिडकीबाहेर पाहत राहिले.

"काय बोलू?"

काहीही, प्रीती म्हणाली.

त्यांनी घसा साफ केला. "शेळ्यांना पाणी दावलं का?"

"व्हय," धुरपदाबाई म्हणाल्या.

लिंबावरचा कावळा उडाला, तेव्हा धुरपदाबाईंनी मान उचलून वर पाहिलं. प्रीतीनं दोन ठिकाणी आवाज वाढवला, एका ठिकाणी उतरवला आणि पुन्हा बोलायला सांगितलं. आण्णासाहेबांनी टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

धुरपदाबाई समोरच्या काचेकडं बघत म्हणाल्या, "बाई, दोन वर्सं म्या समजत हुते, ह्ये बोलत्यात, माझेच कान गेल्यात."

प्रीतीचा हात कळांवर थांबला. मागच्या सीटवरून आवाज आला, इतका हलका की तिलाही कान द्यावा लागला.

"वरडून सांगायसारखं नव्हतं ते."

तेवढ्यात इन्व्हर्टर वाजायला लागला. प्रीतीनं घाईघाईनं जुळवलेलं सगळं यंत्रात साठवलं, झाल्याची खूण दिसताच सॉकेटमधून इन्व्हर्टर काढून घेतला. हिरवा दिवा विझला, पडदा काळा झाला. काम पुरं झालं होतं. आता गाडी सुरू करायची, दोघांना वस्तीवर सोडायचं आणि भूमचा रस्ता धरायचा.

तिनं चावीला हात लावला. मग हात मागं घेतला.

"आजोबा, तपासणी थोडी राहिलीय," ती म्हणाली. "सांगा की."

आण्णासाहेब पुढं सरकले. दोन्ही सीटांच्या मधून त्यांचं डोकं आलं, पार धुरपदाबाईंच्या खांद्यापाशी.

"मुरूमचा शांतलिंग," ते म्हणाले. "तुझा भाऊ. जायच्या आदल्या दिशी म्या दवाखान्यात गेलतो. तुला इचारत हुता. म्हणला, धुरपदाला सांगू नका, ती इतक्या लांब रडत येईल. मग म्हणला, तिला माज्या घासातला घास काढून द्यायचो, ते ध्यानात हाय का इचारा."

दोन वर्षं झाली होती शांतलिंगला जाऊन; तो गेल्याचं धुरपदाबाईंना ठाऊक होतं, हा निरोप नव्हता.

"म्या लई डाव ठरवलं," आण्णासाहेब म्हणाले. "पर ते वरडून कसं इचारू? शेजारी ऐकत्याल. आन् एकदा ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. मग बाकीचंबी ऱ्हायलं."

धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तो खाली घेताना त्यांची नजर प्रीतीच्या मांडीवर गेली. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला असावा. त्यांनी क्षणभर तिकडं पाहिलं, मग प्रीतीकडं पाहिलं.

प्रीतीनं मान खाली घातली आणि बंद लॅपटॉपच्या कळा दाबायला लागली, एकेक, सावकाश.

"आनखी काय म्हणला?" धुरपदाबाईंनी विचारलं.