अनवाणी फेरी

मोठ्या बाईंच्या घरात महिनाभर एकच भांडण चाललं होतं. कितीही झाडलं तरी फरशीवर काळे दाणे उरायचेच. रबराचे, मोहरीएवढे. लेकीच्या मोज्यांतून यायचे, केसांतून यायचे. परवा तर दोन दाणे पिठाच्या डब्याच्या झाकणावर सापडले.

"अगं, बूट दाराबाहेर झटकत जा ना!"

"झटकते गं आई. मैदानच माझ्या मागे घरी येतं, त्याला मी काय करू?"

लेक शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. मैत्रिणी तिला ‘भिंत’ म्हणायच्या. आई त्याच शाळेची मुख्याध्यापिका आणि हे रबरी दाणे पसरलेलं कृत्रिम हिरवळीचं मैदान आईनंच आणलेलं, चार वर्षं अर्ज-विनंत्या करून. जुन्या मैदानाचा पावसाळ्यात चिखल व्हायचा, सामने रद्द व्हायचे, दुसऱ्या शाळा हसायच्या. आता बारा महिने हिरवंगार. ना पाणी, ना कापणी, ना कटकट. बाईंचा अभिमान काही खोटा नव्हता.

फक्त लेकीच्या गुडघ्यांकडे त्या नीट बघत नव्हत्या. गवतावर सूर मारला की खरचटायचं, मातीचा डाग पडायचा. आता कातडीच सोलून निघायची, भाजल्यासारखी, आणि खपली धरायचं नाव नाही. "खेळात लागायचंच," म्हणत बाई मलम लावायच्या. महिन्यातली ही तिसरी ट्यूब होती.

शाळेत एकाच माणसाला हे मैदान पटलं नव्हतं. गवतमावशींना. बावीस वर्षं जुनं मैदान त्यांनी राखलेलं. त्यांची एक रीत होती. सामन्याआधी चपला काढून त्या अख्खं मैदान अनवाणी फिरायच्या. काच, खडा, खळगा, सगळं त्यांच्या तळव्यांना कळायचं. फेरी पुरी झाली की गोलच्या खांबाला खांद्यावरचं फडकं बांधायच्या. फडकं बांधल्याशिवाय शिट्टी वाजत नसे.

नवं मैदान आलं आणि मावशींकडे व्हरांड्याची झाडलोट आली. "आता फेरी कशाला? कारखान्यातून तपासून आलंय," बाई म्हणाल्या होत्या. त्या स्वतः रोज सकाळी सातला बूट घालून एक चक्कर मारायच्या. सगळं ठीक असायचं.

अंतिम सामना ठरला दुपारी दोनला. बक्षीस द्यायला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना तीच वेळ सोयीची होती.

त्या दिवशी अकराच्या सुमारास मावशी केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, मैदानावर साळुंक्या येत नाहीत, बघितलंत?"

"साळुंक्यांसाठी नाही घातलं ते, मावशी."

"ते खरं. पण मुंग्याही नाहीत. कुत्रंसुद्धा कडेकडेनं जातं, आत पाय टाकत नाही. इतकं मुकं मैदान मी नाही पाहिलं."

"तुमचं गवत गेलं, म्हणून तुम्हाला खुपतंय."

"खुपतंय तर! पण माझं सोडा. गवतात ओल असते, म्हणून ते उन्हातही गार राहतं. हे प्लास्टिक नुसतं तापतं, आणि वर जो पडेल त्याला भाजतं. सगळ्यात जास्त कोण पडतं, बाई? गोलात उभी असते तीच ना?"

बाईंनी फाईल उघडली.

दीड वाजता वारा पडला. हिरव्या गालिच्यावर हवा थरथरत होती. टायर जळल्यासारखा वास मंडपापर्यंत येत होता. खेळाचे सर पाइपनं पाणी मारत होते. पाणी पडलं की क्षणभर चकाकायचं आणि बघता बघता कोरडं व्हायचं. "थोडा वेळ तरी गार राहील," सर म्हणाले, पण मैदानाकडे न बघता, घड्याळाकडे बघत.

सराव करून लेक कडेला आली. हातात बूट, त्याचा तळ जबड्यासारखा उघडलेला.

"आई, गोंदच सुटला! भिंतीचा पाया गेला बघ!" ती हसली. चेहरा लालबुंद, पण कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

बाईंनी बूट हातात घेतला आणि झटकन दुसऱ्या हातात धरला. इस्त्रीखालून काढल्यासारखा तापला होता.

एवढ्यात व्हरांड्यातून मावशी आल्या. कुणाला न विचारता त्यांनी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. मंडपात कुणीतरी हसलं. सातव्या पावलाला मावशी थांबल्या. टाचांवर तोल सावरत परत फिरल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा फेरी अर्धवट राहिली होती. खांद्यावरचं फडकं त्यांनी बाईंच्या हातात दिलं.

"माझ्यानं झालं नाही, बाई. बांधायचं तर तुम्ही बांधा."

सरांनी शिट्टी ओठाला लावली.

बाईंनी सगळ्यांसमोर बूट काढले, मोजे काढले आणि चालू लागल्या. एक. दोन. तीन. पाचव्या पावलाला डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या तर नुसत्या चालत होत्या! त्यांची लेक याच्यावर गुडघे टाकणार होती, कोपरं टाकणार होती, गाल टाकणार होती! तीन ट्यूबा संपवल्या, आणि एकदाही वाकून हात लावून पाहिला नाही!

"थांबा! शिट्टी वाजवू नका!"

"अहो बाई," पाहुणे उठले, "एवढा कार्यक्रम, एवढे लोक..."

"साहेब, बूट काढून इथे उभे राहा आणि शंभर आकडे मोजा. तुमचे मोजून झाले की सामना सुरू."

साहेबांनी बुटांकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, आणि त्यांना अचानक एक महत्त्वाचा फोन आला.

मागे कुणीतरी ओरडलं. शाळेच्या भिंतीच्या सावलीत लेक खाली बसली होती. मग ती ओकली. तिच्यामागे आणखी दोघींना भोवळ आली. सामना अजून सुरूही झाला नव्हता! मावशींनी बाईंच्या हातातलं फडकं ओढून घेतलं, बादलीत बुडवलं आणि पोरीच्या डोक्यावर ठेवलं. खांबासाठीचं फडकं. किती वेळ ती डोळे उघडत नव्हती. बाई तिचे तळवे चोळत राहिल्या, स्वतःच्या तळव्यांवर फोड आलेत हे त्यांना संध्याकाळी कळलं.

लेक वाचली. सामना पुढच्या आठवड्यात शेजारच्या शाळेच्या उंचसखल गवतावर झाला, सकाळी सातला. आपला संघ हरला, आणि लेक नखशिखांत मातीनं माखून घरी आली.

तो हिरवा गालिचा उचलायला वर्ष गेलं. खालची माती राखाडी, दगडासारखी घट्ट झाली होती, एक गांडूळ नाही. मावशी बसून गवताची एकेक काडी लावतात, बाई पाणी घालतात. चिखल होणार, सामने पुढे ढकलावे लागणार, दुसऱ्या शाळा पुन्हा हसणार. हसू देत.

काळे दाणे मात्र बाईंच्या घरात अजून सापडतात.

वाचकहो, आपल्याही भागात एखादं सुंदर, बारमाही हिरवं मैदान असेल. उद्घाटनाच्या सकाळी ते पाहून टाळ्या वाजवू नका. भर दुपारी जा, बूट काढा आणि उभे राहा. जिथे आपले तळवे टिकत नाहीत, तिथे आपल्या मुलांना खेळवायचा आपल्याला हक्क नाही!