आप्पाने न दिलेली साक्ष

पणजा म्हस्कू, आजा सावळाराम आणि बाप आप्पा, तिघांचाही जन्म सणसरच्या माळावरून मेंढरे हाकण्यात गेला. कुंडलिकाने मात्र काठी ठेवली आणि रंधा धरला. बारामतीला मुलांना सुतारकाम शिकवून नोकरी पुरी केली, जळोचीत घर बांधले. पुढे बायको गेली, मुलगा परदेशी स्थिरावला. रिकाम्या खोल्यांत स्वतःचाच खोकला ऐकून कंटाळलेला कुंडलिक एके दिवशी कुलूप लावून सणसरच्या ओस मेंढवाड्यावर राहायला आला.

त्या मेंढवाड्याचे छप्पर म्हणजे दगडी भिंतींवर पालथी घातलेली एक लाकडी मोटारबोट होती.

उजनीचे पाणी प्रथम चढले त्या साली आप्पाचा कळप भीमेकाठच्या एका उंचवट्यावर अडकला होता. धरणाच्या कामावरची ही बोट हशा तांडेल नावाचा कोकणातला तरुण चालवीत असे. साहेबांखेरीज कोणाला घ्यायचे नाही, असा त्याला हुकूम होता. तरीही त्याने खेपा करून आप्पाला, बायकोपोरांना आणि मेंढरांना काठावर आणले. शेवटच्या खेपेला, नुसती मेंढरे असताना, बोट फुटली. मेंढरे पोहून निघाली. बोट गाळात बसली. तांडेलाने नशेत ती खडकावर घातली, असा ठपका आला. तांडेल शुद्धीत होता, हे सांगायला चौकशीत आप्पाची साक्ष हवी होती. पण चारा संपला होता आणि उपाशी कळप तारखेसाठी थांबत नाही. आप्पा मेंढरे घेऊन दूर गेला. तो परतला तेव्हा तांडेलाची नोकरी गेली होती आणि बोट भंगारात निघाली होती. आप्पाने ती ओढून आणली, आणि पुढे मरेपर्यंत त्या छपराखाली बसून कधी मान वर केली नाही.

तांडेलानेही गावी तोंड दाखवले नाही. बावड्याला एका मळ्यात पाण्याची मोटर राखता राखता तो म्हातारा झाला. बोट खरोखर आदळली होती काय, हे आता केवळ लाकूडच सांगू शकणार होते, आणि ते कळून उपयोग होता तो तांडेल हयात असेतोच.

कुंडलिकाने बोट खाली उतरवली.

"भाऊजी, मेंढरं गेली आन आता छपराला रंग देताय व्हय?" बांधावरून बानूबाई भावजयीने विचारले.

"रंग काढतोय, वहिनी."

"मग तर बरंच हाय. बिनकामाचं काम."

रंग निघाला तशा तिरप्या फळ्यांच्या दोन थरांची वीण दिसू लागली. मध्ये तेलात भिजवलेले कापड, मूळचे खिळे तांब्याचे. तळाच्या कण्यावर बाणाची खूण आणि आकडे कोरलेले होते. कुंडलिकाने मुंबईच्या गोदीतल्या एका वृद्ध कारागिराला छायाचित्रे पाठवली. उत्तर आले, की ही महायुद्धातली आरमारी बोट आहे. अशा बोटी लोखंडी खिळ्याने कधीच दुरुस्त करू नयेत.

फुटलेल्या जागी नेमके लोखंडी खिळेच होते. कोणी तरी घाईने ठिगळ मारले होते. आदळलेले लाकूड आत दबते. येथे साधा चराही नव्हता. खिळ्यांभोवतीची फळी काळी पडून कुजली होती आणि त्या कुजक्या लाकडावर धरणाच्या खात्याचा निळा रंग चढलेला होता. कूज रंगाच्याही आधीची होती. ठिगळ आपोआप सुटले होते.

त्या दिवशी कुंडलिकाला ही गोष्ट कोणाला तरी सांगावीशी वाटली. सांगायला कोणी नव्हते. तो तसाच कामाला लागला. नवी फळी त्याने तांब्याच्या खिळ्यांनी बसवली आणि सांध्यांत डांबरात बुडवलेली लोकर ठोकली. मग ट्रॅक्टरने बोट उजनीच्या काठी नेली आणि दगड भरून उथळ पाण्यात बुडवून ठेवली. इतकी वर्षे कोरडे राहिलेले लाकूड फुगून सांधे मिटल्यावाचून ती तरली नसती.

ती तरली, तेव्हा विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन तिच्यात बसवून तो बावड्याला गेला.

"आप्पाचा पोरगा ना तू?" तांडेल बाजेवरून उठला नाही. "कशाला आलास?"

"साक्ष द्यायला."

"कुणापुढं? साहेब मेले सगळे."

"तुमच्यापुढं, तात्या. बोट आदळली न्हवती. ठिगळ सुटलं. मी डोळ्यांनी बघितलंय."

तांडेल हौदात पडणाऱ्या पाण्याकडे वळला. "मला वाटायचं, आदळलीच आसंल. सगळेच म्हणत होते. मीबी शेवटी तसंच म्हणायला लागलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठावर आला. मासे निवडणाऱ्या कोळ्यांसमोर कुंडलिकाने तीच साक्ष पुन्हा मोठ्याने दिली. कोळ्यांनी ऐकून घेतले आणि ते मान खाली घालून पुन्हा मासे निवडू लागले. तांडेल सुकाणूच्या चाकापाशी बसला. बोट पाणी कापीत उंचवट्याच्या बुडालेल्या जागेवरून गेली आणि वळून परत आली.

उतरताना तांडेलाने कुंडलिकाच्या खांद्याचा आधार घेतला.

"आप्पाकडं माझं आता काही येणं न्हाय," तो म्हणाला. "सगळं फिटलं."