नवा मदरबोर्ड, जुनी डिस्क

रविवारी दुपारी रायनो कोस्केलाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि तिच्यावर आपला संगणक आडवा पाडला. झाकण काढताच कित्येक वर्षांची धूळ बाहेर आली. हेल्मीने नाक दाबलं.

"बाबा, नवाच का नाही घेत? याच्यापेक्षा तुमचा गुडघा बरा. निदान पूर्वसूचना तरी देतो."

"नवा काय, कुणीही घेईल. टॉर्च नीट धर. माझ्या डोळ्यांवर नको, बोर्डावर."

बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत विजेच्या मोटरी दुरुस्त करण्यात रायनोचा जन्म गेला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबून बघायचं, ही तिथली रीत. म्हणून आज फक्त मदरबोर्ड. जादाची मेमरी आणून ठेवली होती, पण तिच्या खोक्याला त्याने हात लावू दिला नाही. मधे कॉफी झाली, वेलची घातलेला गोड पाव झाला. मग त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि निळ्या पडद्यावर मजकूर आला : डिस्कला कुलूप आहे, ते उघडण्याचा आकडा द्या.

रायनोने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चुकलंच. बोर्ड काढायच्या आधी कुलूप तात्पुरतं बंद करून ठेवायला हवं होतं. डिस्कला आता वाटतंय, कुणीतरी तिला चोरून दुसऱ्या मशीनमध्ये घातलंय."

"मग द्या की आकडा."

"जपून ठेवलाय."

"कुठे?"

त्याने मान न वळवता संगणकाकडे बोट केलं. हेल्मीला हसू आवरेना.

"म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत!"

"हस. ग्लेनकडे आहे दुसरी. गल्लीत चोरी झाली तेव्हा त्यानंच तर कुलूप घालून दिलं होतं. पण तो बसलाय ॲरिझोनात ऊन खात. उद्या करीन फोन. आज त्याची बोलणी खायची ताकद नाही माझ्यात."

दोघांनी साल्मन माशाचं सूप घेतलं. अंधार पडायच्या आत हेल्मी आपल्या घरी निघाली.

सोमवारी सकाळी दारातला बर्फ काढता काढता रायनो फावड्यासकट खाली बसला, तो उठला नाही. समोरच्या बाईंनी पाहिलं. हेल्मी पोचली तेव्हा रुग्णवाहिका निघून गेली होती, आणि अर्धा रस्ता स्वच्छ होता, अर्धा नव्हता.

पुढचे दिवस आयली आत्याने हातात घेतले. गावभर फोन तिनेच केले. शवपेटी कुठली, चर्चमध्ये गायची भजनं कुठली, हे हेल्मीने नुसत्या मानेने सांगितलं. लोक येत, तिचे हात धरत, जे बोलायचं ते स्वतःच बोलत. तिला फक्त "हो" म्हणावं लागे. दुकानात कुणी "बाबा कसे आहेत?" असं विचारलं, तर ती दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राही.

"शनिवारी चर्चच्या तळघरात जेवण आहे," आत्या म्हणाली. "तेव्हा एल्साने काढलेले घरचे फोटो भिंतीवर दाखवू. दोन हिवाळे खपून रायनोने तुझ्या आईची एकेक फिल्म संगणकात घातली होती. मग त्याच्या घराच्या तळघरात पाणी शिरलं आणि मूळच्या फिल्म कुजल्या. आता आहेत ते तिथेच. काढशील ना?"

"काढते."

गुरुवारी दुपारी हेल्मी त्याच चादरीपाशी बसली. मावसभाऊ डेलला फोन लावला.

"सगळं पुसून नव्यानं घाल. तासाभराचं काम आहे," डेल म्हणाला.

"आणि फोटो?"

"पुसलं म्हणजे पुसलं, बाई."

पडद्यावरही तोच पर्याय होता, अगदी आदबीने विचारलेला. ती त्याच्यापासून बोट दूर ठेवूनच बसली होती. नव्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरून तिने एक गोष्ट बदलली, मशीन बंद केलं, चालू केलं. तोच निळा पडदा. ती परत पूर्ववत केली, दुसरी बदलली. तोच. मग तिला सुचलं, जुना बोर्ड परत बसवला तर डिस्क त्याला ओळखेल. तिने सगळे स्क्रू काढले, वायरी काढल्या, कोणती कुठे याचे फोनवर फोटो घेतले. जुना बोर्ड बसला, पण पंखादेखील हलला नाही. मधूनच दगा द्यायचा म्हणून तर बदलला होता, हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं; आता तो पुरताच गेला होता. पुन्हा सगळं उलट. पाठ भरून आली. जेवायचं राहून गेलं होतं, आणि उठून काही करून घ्यावं इतकीही भूक नव्हती.

करण्यासारखं एकच उरलं होतं. ते पहिल्यापासून उरलेलं होतं, हे तिला ठाऊक होतं. आत्याने फोन केलेल्यांत बाबांचा जुना मित्र ग्लेन नव्हता. हिवाळ्यात तो गावात नसतो, म्हणून त्याचं नाव कुणाला आठवलंच नव्हतं.

पलीकडे लगेच फोन उचलला गेला.

"ग्लेनकाका, हेल्मी बोलतेय. कोस्केलांची."

"ओळखलं, ओळखलं. म्हाताऱ्यानं बोर्ड बदलला ना? आधी कुलूप बंद न करता? नोव्हेंबरात बजावून आलो होतो त्याला."

"आकडा हवा होता."

"आकडा आहे इथे, समोरच आहे. पण द्यायचा त्यालाच. त्याचीच ताकीद आहे, मुलीलासुद्धा नाही द्यायचा. म्हणाला, आईचे फोटो आधी मी नीट लावून घेणार, मग तिला दाखवणार. अर्धवट काम दाखवलं तर चुका काढत बसेल." ग्लेन मनापासून हसला. "दे त्याला फोन. मागे उभा राहून ऐकत असेल. तुला पुढे करतोय, आणि हा गडी सत्तर वर्षांच्या वर!"

हेल्मीने तोंड उघडलं. झोपलेत, असं म्हणता आलं असतं. बाहेर गेलेत, संध्याकाळी करतील, असंही. सोमवारपासून असंच टाळत दिवस निघाले होते, आणि असली वाक्यं अजून हाताशी होती. पण त्यांपैकी एकानेही आकडा मिळणार नव्हता. आणि ग्लेन संध्याकाळपर्यंत फोनची वाट बघत बसला असता.

"हेल्मी? आहेस ना?"

"आहे, काका," ती म्हणाली. "बसून घ्या जरा."

"काय झालं?"

"माझे बाबा मेले. सोमवारी सकाळी. बर्फ काढत होते. माझे बाबा मेले, काका."